घरात माणसं किती

वंदनाताई गाडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते २०१९ च्या मार्चमध्ये, एका तपासणी शिबिरात. मी जालन्यात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी शिबिरं भरतात, डॉक्टर तपासून टक्केवारी ठरवतात, तिथे मी मदतीला जाते. त्या दिवशी गावांच्या याद्या माझ्या टेबलावर होत्या. भोकरदन तालुक्यातल्या एका लहानशा गावासमोर दोन नावं होती. दुपारी त्या गावाहून एक टेम्पो आला आणि त्यातून सहा माणसं उतरली. मागोमाग, बाजूला जादा चाकं लावलेली एक लाल स्कूटर आली. तिच्यावरून कुबड्या टेकत उतरलेल्या बाई सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सहा आणलेत. सातवी यायला तयार न्हाई, तिला पुढच्या बारीला आणते."

"यादीत तर दोनच आहेत," मी म्हणाले.

"यादी करणारा पारावर बसून, चहा पिऊन गेल्ता. पारावरून जेवढे दिसले तेवढे त्यानं लिव्हले."

सहा जणांत चाळिशीचा एक माणूस होता. जन्मापासून त्याचे हातपाय आखडलेले. त्याच्याच गल्लीत राहणारे एक म्हातारे, कानानं अधू, त्याच टेम्पोतून आले होते. ते मला म्हणाले, "हा ह्या घरात हाय हे मला आज कळलं. मला वाटलं, लहानपणीच गेला."

शेजारच्या माणसाला जे तीस-पस्तीस वर्षांत कळलं नाही, ते परगावच्या या बाईंना कसं कळलं? संध्याकाळी टेबलं आवरताना मी त्यांना तसं विचारलं.

"त्याच्या मायनं अंगणात बाज टाकल्ती," वंदनाताई म्हणाल्या. "बाजेचे पाय कापलेले होते. घरात लहान लेकरू कोणी न्हाई. मंग इतकी बुटकी बाज कोणासाठी?"

माझं काम माणसाचे सांधे आणि स्नायू बघण्याचं. बाजेच्या पायांकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, आणि मग जातच राहिले.

वंदनाताई मूळच्या हसनाबादच्या. वडील मच्छिंद्र गाडेकर यांची थोडी शेती, कपाशी आणि मका. तीन भावंडांत ताई मधल्या. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. आठ-नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्या हातावर सरपटत चालायच्या, तळव्यांना लागू नये म्हणून टायरच्या रबराचे दोन तुकडे धरून. परका माणूस आला की आत जायचं, कणगीच्या मागं बसायचं, ही घरची शिकवण.

१९९१ मध्ये जनगणना झाली. गावातल्या शाळेचे तातेराव गुरुजी घरोघर फिरत होते. ते गाडेकरांकडे आले तेव्हा आई सोनूबाई शेतात होत्या, भाऊ-बहीण शाळेत. ताई कणगीमागं जाऊन बसल्या. गुरुजींनी विचारलं, लेकरं किती. वडील म्हणाले, दोन. गुरुजींनी लिहून घेतलं आणि प्यायला पाणी मागितलं. वडिलांनी रोजच्या सवयीनं आत तोंड करून सांगितलं, "पाणी आण गं."

ताई सांगतात, बापाचं पहिलं बोलणं ऐकून गप्प बसावं की दुसरं ऐकून पाणी द्यावं, हे त्यांना काही वेळ समजेना. मग त्यांनी तांब्या उंबऱ्यापर्यंत सरकवला. गुरुजींना दाराआडून फक्त एक हात दिसला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मच्छिंद्रराव, हे पाणी कोणी दिलं?"

गुरुजींनी दोनावर काट मारली आणि तीन लिहिलं.

त्या संध्याकाळी ताईंनी वडिलांना विचारलं, "बाबा, मी घरात न्हाई, तर मंग कुठं हाय?"

"तुम्हाला राग आला होता का?" मी ताईंना विचारलं.

"न्हाई. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला वाटलं, न मोजलेल्या माणसांची एखादी दुसरी जागा असंल, अन् माझं नाव तिथं लिव्हलेलं असंल."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वडिलांनी ताईंना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि तातेराव गुरुजींच्या वर्गात नेऊन सोडलं. मधल्या तीन महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते ताईंना आजही ठाऊक नाही. २०११ मध्ये वडील वारले. विचारायचं राहून गेलं.

पुढं एका शिबिरात पायांवर शस्त्रक्रिया झाली, पायांना बांधायचे लोखंडी कॅलिपर मिळाले, कुबड्यांवर उभं राहता आलं. एकोणिसाव्या वर्षी दहावी झाली. त्या काळात अपंग व्यक्तींना टेलिफोनचे बूथ चालवायला देत. ताईंना बसथांब्याजवळ एक पिवळं खोकं मिळालं. आठ वर्षं त्या त्यात बसल्या. फोन करणाऱ्याच्या कप्प्याला काच असली तरी बोलणं बाहेर ऐकू यायचं. ताईंच्या कानावर एक गोष्ट हळूहळू येऊ लागली. मुंबईला, पुण्याला फोन लावलेला माणूस सगळ्यांची नावं घेऊन खुशाली सांगायचा, अन् शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "अन् ती हाय तशीच हाय." किंवा "त्याचं काय, चाललंय."

"नाव घेत न्हाईत ते माणूस कोणतं, ह्याचा मला नादच लागला," ताई म्हणाल्या. "मी मनात जोडून ठेवायचे. अमक्याच्या घरात एक 'ती' हाय, तमक्याच्या घरात एक 'तो' हाय."

मोबाईल आले आणि बूथ बंद पडला. ताई घरी शिवणकाम करू लागल्या. २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. भोकरदनच्या एका बैठकीत कोणीतरी त्याची मराठी पुस्तिका वाटली. त्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व लिहिलेलं होतं. ताईंनी ती बसमध्येच वाचून काढली आणि दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन अपंगांची यादी मागितली. सात नावं निघाली. बूथमध्ये ऐकलेले नुसते 'ती' आणि 'तो' त्याहून जास्त होते. तिथून हे फिरणं सुरू झालं. दारात जाऊन त्या कधीही "घरात अपंग कोणी हाय का" असं विचारत नाहीत. पाणी मागतात, बसतात, घरात माणसं किती ते विचारतात. मग कॅलिपरकडं बोट दाखवून लोकच त्यांना विचारतात, आणि त्या सगळं सांगतात. पायात काय झालं, शाळा कशी झाली, स्कूटर कुठून आली. बहुतेक घरांत तेवढ्यावर आतलं माणूस बाहेर येतं. प्रमाणपत्र, ओळखपत्र, पेन्शनचा अर्ज, शाळेतलं नाव, ही कामं मग पुढची. त्यासाठी त्या कार्यालयांमध्ये बसून राहतात, माहितीच्या अधिकाराचे अर्ज करतात. एकदा एका साहेबांनी त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला सर्व्हे करायचा अधिकार कोणी दिला?" ताई म्हणाल्या, "सर्व्हे कुठं करून राह्यले साहेब, मी पाणी प्यायला जाते."

आता अर्पिताची गोष्ट. ती मी जवळून पाहिली आहे.

२०२२ चा नोव्हेंबर होता. अंतरवाली सराटीवरून पुढं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. घरच्यांनी सांगितलं म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. सोमेश्वर नावाच्या तिशीतल्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही थांबलो. चांगलं सिमेंटचं घर, दारात ट्रॅक्टर. सोमेश्वरनं खुर्च्या टाकल्या.

"घरात माणसं किती, भाऊ?"

"तीन. मी, माय, अन् धाकटी बहीण तृप्ती. ती अंबडला कॉलेजात जाते."

"जेवायला बी तीनच?"

"तीनच म्हणजे तीनच," तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

निघताना ताईंनी लघवीला जाऊन येते म्हणून मागचं अंगण गाठलं. गावाबाहेर आल्यावर त्यांनी स्कूटर थांबवली.

"मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलीय. कमरेइतकी उंच. वाळत घालायची दोरी इतक्या खाली कोण बांधतं? अन् तिला गाठी आहेत. पायरी येते तिथं एक गाठ. वळण हाय तिथं दोन."

मलाही आता अंदाज आला. "कोणीतरी आंधळं आहे."

"अन् हुशार हाय. गाठी बांधणाऱ्यानं डोकं लावलंय."

मी म्हणाले, पोलिसांना सांगू, तहसीलला कळवू. ताईंनी मान हलवली. "बळजबरी केली की ते माणूस अजून आत जातं. ती काय म्हणते ते आपल्याला म्हाईत न्हाई. ती हाय का तो हाय, ते बी म्हाईत न्हाई."

दुसऱ्या वेळी ताई एकट्याच गेल्या. सोमेश्वरच्या आईनं, ताराबाईंनी, चहा दिला आणि दार लोटून घेतलं. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. सोमेश्वर रानात गेला होता. ताराबाई ओसरीवर बसून न उमललेल्या बोंडांतून कापूस काढत होत्या. ताई कुबड्या बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी खाली बसल्या आणि न विचारता हात लावला. मीही बसले. मग ताराबाईंनीच विचारलं, "पायाला कव्हापासून हाय?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली. टायरचे तुकडे, कणगी, जनगणना, लेकरं दोन. ताराबाईंचे हात थांबले. ताई तांब्यापर्यंत आल्या, गुरुजींचा प्रश्न सांगितला, आणि तेवढ्यात बोंडाचं वाळकं टरफल त्यांच्या बोटात घुसलं. त्या ते काढत बसल्या.

"मंग? गुरुजीनं तीन लिव्हलं का?"

आवाज आतून आला होता, बाईचा, स्पष्ट. ताराबाईंनी डोळे मिटून घेतले. ताईंनी मात्र जणू इतका वेळ दोघींचंच बोलणं चाललं होतं अशा सुरात उत्तर दिलं.

"लिव्हलं. दोनावर काट मारली अन् तीन लिव्हलं."

"तुम्ही तर आत होत्या. काट मारलेली तुम्हाला कशी दिसली?"

ताई हसल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. "मला न्हाई दिसली. मंग शाळेत गेल्यावर गुरुजीनंच सांगितलं."

"मंग तसं सांगायचं," आतला आवाज म्हणाला. थोड्या वेळानं भिंतीला हात लावत एक मुलगी दारात आली. सव्वीस वर्षांची, उंच, केस नीट विंचरलेले. ताराबाई म्हणाल्या, "अर्पिता, माझी मोठी."

तिची नजर बाराव्या वर्षापासून कमी होत गेली. आधी संध्याकाळी दिसेना, मग फळा दिसेना. सातवीनंतर शाळा सुटली. सतराव्या वर्षी सगळं गेलं. तेव्हापासून नऊ वर्षं ती घरात होती. दोरी तिनं स्वतः बांधलेली, गाठींची युक्तीही तिचीच. तिला घरात कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. आई तिच्यावर जीव टाकायची. फक्त ती आहे हे बाहेर सांगायचं नव्हतं.

सोमेश्वर रानातून आला तेव्हा अर्पिता माझ्या हातातलं घड्याळ चाचपून बघत होती आणि ते किती वेळानं टिकटिक करतं ते मोजत होती. तो दारातच थांबला. ओरडला नाही. हातपाय धुऊन आला आणि समोर बसला.

"तृप्तीचं जमून राह्यलं," तो ताईंना म्हणाला. "पाहुण्यांना कळलं तर इचारतील, मोठीला असं झालं तर धाकटीला बी व्हईल का. पुढं लेकरांना व्हईल का. काय सांगू मी?"

ताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, व्हईल का?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरांना तपासावं लागेल. दोघींनाही."

"मंग ते तरी इचारून घेऊ," अर्पिता म्हणाली. "इतकी वर्षं हे घरात बसूनच बोलून राह्यलेत."

डिसेंबरमध्ये चौघं जालन्याला आली. अर्पिता नऊ वर्षांनी एसटीत बसली होती. तृप्ती सांगत होती की तिनं अख्ख्या वाटेत प्रश्न विचारले. हा आवाज कशाचा, आता उजवीकडं काय आहे, पत्र्याचा वास येतोय तो कारखाना कोणता. तपासणीच्या खिडकीपाशी कारकुनानं सोमेश्वरला विचारलं, "हिचं नाव काय?" ताई म्हणाल्या, "ती बोलते, तिलाच इचारा." कारकुनानं विचारलं. अर्पितानं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि मग त्यालाच विचारलं, "तुमच्या टेबलावर कायतरी घरघर करून राह्यलंय, ते काय हाय?" तो प्रिंटर होता. कारकुनानं तिचा हात धरून त्यावर ठेवला.

तृप्तीचे डोळे चांगले निघाले. अर्पिताचा आजार डोळ्यांच्या पडद्याचा, बरा न होणारा. घराण्यातून येऊ शकतो, पण येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं. सोमेश्वरनं पाहुण्यांना सगळं खरं सांगितलं. आठवड्याभरात पाहुण्यांचा निरोप आला, आमचं दुसरीकडं ठरलंय.

त्यानं ताईंना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तो फार बोलला. ताई त्याच दिवशी त्याच्या घरी गेल्या. दीड तास ओसरीवर बसल्या, चहा कोणी विचारला नाही. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही तुमच्या गाडीवर बसून निघून जाता. गावात राह्यचं आम्हाला हाय."

"बराबर हाय," ताई म्हणाल्या, आणि निघून आल्या.

त्यानंतर दोन महिने त्या कोणत्याही नव्या गावात गेल्या नाहीत. हसनाबादला मी भेटायला गेले तर मशीनवर बसून होत्या, सोनूबाई भाकरी करत होत्या. ताई म्हणाल्या, "तो चुकीचं बोलला न्हाई. मी माझ्या हिशेबानं दार उघडलं. पण दाराच्या आत तृप्ती बी होती, तिला मी धरलंच न्हाई." मी समजूत घालायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

त्यांना परत बाहेर काढलं ते अर्पितानं. तृप्तीच्या मोबाईलवरून ती रोज फोन करायची. तक्रार नाही, रडणं नाही, नुसते प्रश्न. तिच्यासारख्या बायका एकट्या बाजारात जातात का? भाजी ताजी हाय ते कसं ओळखतात? मोबाईल बोलून दाखवतो म्हणतात, ते खरं का? ताईंना यातलं फारसं माहीत नव्हतं. आठव्या-दहाव्या फोननंतर त्या उठल्या आणि छत्रपती संभाजीनगरला जाऊन चौकशी करून आल्या. पांढरी काठी घेऊन चालायचं, बोलणारा मोबाईल वापरायचा, असं शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग होता. राहायची सोय होती. सोमेश्वर नाही म्हणेल असं आम्हा दोघींना वाटलं. तो म्हणाला, "तिला मी अंबडच्या स्टँडवर सोडतो. पुढचं तुम्ही बघा." तृप्ती त्याच्याशी बोलली होती, पण काय ते आम्हाला कळलं नाही. ती आता बीएस्सी होऊन जालन्यात एका लॅबमध्ये नोकरी करते. लग्न अजून ठरलेलं नाही. दोन ठिकाणं आली आणि गेली. तिसरं येतंय म्हणतात.

अर्पिता तीन महिन्यांनी परत आली. महिन्यातून दोनदा ती ताईंबरोबर फिरायला जाते. जिथं नजर गेलेलं माणूस आहे तिथं ताई आता तिला पुढं करतात.

गेल्या फेब्रुवारीत तिनं ठरवलं की माझ्या दवाखान्यात एकटीनं यायचं. अंबडहून जालना, तासाभराचा रस्ता. ताई आधीच येऊन बसल्या होत्या. सकाळी साडेनऊला अर्पिता गाडीत बसल्याचा फोन आला. अकरा वाजले, बारा वाजले. तिचा फोन बंद. ताराबाईंचे फोन माझ्याकडे सुरू झाले, मग सोमेश्वरचे, मग तृप्ती लॅब सोडून धावत आली. ताई कुबड्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी स्टँडवर जाऊन चौकशी करून आले. साडेनऊची गाडी वेळेवर आली होती आणि पुढं गेली होती.

तीन वाजता रिक्षा थांबली. अर्पितानं काठी उघडली, पायरी मोजली आणि आत आली. तृप्ती रडायलाच लागली.

"कुठं होतीस?" ताईंनी विचारलं. आवाज कठोर होता.

"भोकरदनला."

"जालना आलेलं कळलं न्हाई का?"

"कळलं की. कंडक्टर बी ओरडले. पण गाडी पुढं जाऊन राह्यल्ती, अन् पुढं काय हाय ते मला बघायचं होतं. मंग त्याच गाडीनं परत आले. फोनची बॅटरी संपली, तेवढं चुकलं माझं."

तृप्तीनं आईला फोन लावून दिला. पलीकडून ताराबाई पाच मिनिटं बोलत होत्या, अर्पिता हं हं म्हणत होती. मी चहा मागवला. ताई खुर्चीत बसल्या, कॅलिपरची कडी सोडली, घाम पुसला. फोन संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"मंग," त्या म्हणाल्या, "वाटेतलं राजूर कव्हा आलं ते कळलं का तुला?"

"घंटा वाजून राह्यल्ती देवळात. पण त्याच्या आधी एक मोठा उतार लागला, अन् गाडीतली सगळी माणसं गप्प झाली. तिथं काय हाय?"

ताईंनी त्या रस्त्यानं शेकडो वेळा ये-जा केली होती. असा उतार त्यांना आठवेना. "कोणता उतार?" त्यांनी विचारलं, आणि अर्पिता टेबलावर बोटानं रस्ता काढून दाखवू लागली.